प्लास्टरमामांची कापसाची गुंडाळी

इस्पितळात तीस वर्षं माणसांची मोडलेली हाडं प्लास्टरात घातली, म्हणून जो तो त्यांना प्लास्टरमामा म्हणे. निवृत्त झाल्यावर घरी बसून ते बायकोचं डोकं खायला लागले, तेव्हा तिनेच त्यांना शहराबाहेरच्या खोदकामावर धाडलं. तिथे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जनावरांची हाडं निघत. संग्रहालयापर्यंत ती धड पोचावीत म्हणून जागेवरच प्लास्टरात गुंडाळायची. काम तेच, वर रोगी विव्हळत नाही. मामा खूश होते.

फरक एवढाच, की इथे हाडावर आधी ओला कागद लावायचा. तो लावायचा राहिला, तर प्लास्टर काढताना हाडाचा पापुद्रा घेऊनच निघतं. गेल्या महिन्यात मामांनी एक मांडीचं हाड एकट्याने गुंडाळलं, ते गाडीतून गेलंही, आणि घरी जेवताना घास हातातच राहिला. कागद लावला होता का? काही केल्या आठवेना. झोप उडाली ती उडालीच. सांगणार कोणाला?

आणि योग बघा, आज सगळं घर त्यांचं खोदकाम बघायला आलं, अन् दुपारी संग्रहालयात नेमकं तेच हाड उघडायचं होतं. खड्ड्याच्या काठावर नात धडपडली, गुडघा खरचटला. मामांनी इस्पितळातली जुनी पिशवी उघडली, तर कापसाची गुंडाळी गायब. हल्ली तुम्ही सगळंच विसरता, असं बायको म्हणाली.

संग्रहालयात काचेपलीकडे प्रयोगशाळेतल्या बाई प्लास्टर कापू लागल्या. मामांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने बाई दारात आल्या.

"हे कोणी गुंडाळलं?"

"मी," मामा म्हणाले. "कागद राहिला बहुतेक."

"राहिलाच. पण आत हा एवढा कापूस आहे. हाडाला ओरखडासुद्धा नाही. मी मात्र आता दिवसभर तंतू वेचत बसणार."

तीस वर्षं प्लास्टरखाली कापूसच घालत आलेल्या हातांनी मालकाला न विचारता तोच घातला होता. मामा मटकन बाकावर बसले. डोळे भरून आले, आणि हसूही आवरेना.

"म्हणजे माझा कापूस आजोबांनी त्याला लावला," नात गुडघ्याकडे बघत म्हणाली.

परतताना गाडी फाटकातून बाहेर पडायच्या आत मामा घोरायला लागले. बायकोने सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं.