दात कसे आहेत, वहिनी?

या गौरवग्रंथात प्राध्यापकांच्या पंक्तीला एका घड्याळजीला बसवले, याबद्दल संपादकांचे आभार. नांदणीकर सरांच्या विद्वत्तेवर लिहिण्याची माझी पात्रता नाही. मी त्यांचा विद्यार्थी झालो तो महाद्वार रोडवरच्या माझ्याच दुकानात.

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षे झाली असतील. अंधारात चमकणाऱ्या घड्याळांचे तेव्हा कोल्हापुरात वेड होते. चमक गेली की आम्ही घड्याळजी म्हणायचो, ‘रेडियम मेलं.’ मग ते पात्याने खरवडायचे, फुंकर मारून डायल साफ करायची आणि नवे रेडियम भरायचे. कागलचे एक शेतकरी तर बजावून गेले होते, “पावणं, हात आखडू नगासा. पहाटं मोट जुपताना दिसाय पायजे की!”

सर तेव्हा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. दुरुस्त झालेले घड्याळ न्यायला आले, आकडे निरखले आणि म्हणाले, “हात फार सुरेख आहे. कुणाचा?”

“आमच्या मंडळींचा. घरी बसून करतात.”

“ब्रशला इतकं बारीक टोक कसं येतं?”

मी मोठ्या ऐटीत ब्रश ओठांत धरून टोक करून दाखवले. इंदिरेलाही ते मीच शिकवले होते.

सरांनी तो ब्रश माझ्या तोंडातून ओढून काढला. एरवी हा माणूस कुणाकडे प्यायला पाणी मागतानाही संकोचतो. “दुकान बंद करा,” ते म्हणाले, “आणि घरी चला.”

घरी इंदिरा डायल रंगवत बसली होती. ब्रश तोंडात घालू नका, हे सरांचे ऐकून ती म्हणाली, “पर त्याला चव बी न्हाय की, सर!” सरांनी तिला सावकाश समजावले. शरीर रेडियमला चुना समजते आणि हाडांत साठवते; तिथे बसून ते वर्षानुवर्षे हाड पोखरते. मनगटावर, काचेआड असलेल्या घड्याळाची एवढी भीती नाही. ते पोटात किंवा श्वासात जाता कामा नये.

मी मात्र वाद घातला. मेलेले रेडियम खरवडायला काय हरकत आहे?

दुसऱ्या दिवशी सर काचेची बरणी घेऊन आले. आत गुजरीतल्या सराफाकडून आणलेल्या सोन्याच्या वर्खाच्या दोन पट्ट्या टांगलेल्या होत्या. रेशमावर घासलेली काचेची कांडी बरणीच्या वरच्या तारेला टेकवताच त्या फाकल्या आणि तशाच राहिल्या. मग सरांनी माझ्याकडची सर्वांत काळवंडलेली डायल जवळ धरली. पट्ट्या हळूहळू मिटल्या.

“मेला तो चमकणारा लेप,” सर म्हणाले. “रेडियम जिवंत आहे; त्याच्या किरणांनीच पट्ट्यांवरची वीज उतरली. ते निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतील.”

आजवर डायलवर मारलेल्या फुंकरी मी मनात मोजू लागलो.

रेडियमच्या रंगाची उरलेली बाटली सरांनी शिशाच्या डबीत घालून नेली. आमचे गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानांत गेले आणि मी महिनाभर मनातून सरांवर चिडून होतो. सर त्या दुकानांतही बरणी घेऊन गेले. दोघांनी त्यांना हाकलले, तरी सर पुन्हा गेले.

तेव्हापासून सर दर दिवाळीला आमच्याकडे येतात आणि चकली उचलण्याआधी विचारतात, “दात कसे आहेत, वहिनी?” इंदिरा उसाचे कांडे घेते आणि त्यांच्यासमोर दातांनी सोलते. एकदा मी चेष्टा केली, “सर, तुम्ही दंतवैद्यच व्हायचं!” सर हसले नाहीत. पायरीवर आल्यावर हळूच म्हणाले, “यात आधी जबडा जातो. दात हलू लागले तर मला लगेच कळवा. वहिनींना सांगू नका.” इतकी वर्षे ही भीती त्यांनी हसत हसत एकट्याने वागवली होती. त्या दिवशी मला रडू आले.

गेल्या दिवाळीला इंदिरेने सोललेला ऊस सरांपुढे केला. पंचाहत्तरीला आलेल्या सरांच्या कवळीला तो चावेना. “माझं दात हायती,” ती म्हणाली, “तुमचंच गेलं की, सर!” सर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

हा लेख काल तिला वाचून दाखवला. पायरीवरची गोष्टही वाचली. तिने शांतपणे म्हटले, “मला पैल्यापासनं ठावं हुतं. सरांचा जीव भांड्यात पडावा म्हणून तर ऊस सोलती दर साली.”

सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्यांनी दर दिवाळीला आमच्या दारात तोच प्रश्न विचारावा. ऊस मी आणून ठेवीन.