धुराचं मशीन आणि माझी कणीक

माझ्या मुलानं परदेशात जाऊन धूर विकत घेतला.

म्हणजे धूर करायचं मशीन हो. काळं, चार पायांचं, उभ्या रेड्याएवढं, आणि पाठीवर एक धुराडं. बाजूला पेटी. तिच्यात लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्या भरायच्या. (दिसायला कोंबडीच्या खाद्यासारख्या. मी एक चाखून बघितली. लाकूडच आहे.) वीज लावली की मशीन आपलं आपण गोळ्या गिळतं, आतला पंखा फुंकर मारतो, आणि धुरावर मटण शिजत राहतं, पहाटेपासून दुपारपर्यंत.

"आणि आपण काय करायचं?" मी विचारलं.

"काही नाही, आई. हीच तर मजा!" सुहास म्हणाला.

मला काही मजा कळली नाही. धनी गेले तेव्हा सुहास नुकता शाळेत जायला लागला होता. मी मंगल कार्यालयात आचाऱ्याच्या हाताखाली लागले. पाचपाचशे पानांचा मसालेभात. चुलाणाचा धूर डोळ्यांत, नाकात, केसांत. रडायला वेगळा वेळ काढावा लागला नाही, एवढी एक सोय झाली. जन्मभर ज्याला पदरानं हाकललं, त्याला पोरानं मोठ्या खोक्यातून घरी आणलं आणि परसात अंगणभर जागा दिली!

पण बोलले नाही. कारण तो रविवार साधा नव्हता. सुहासची आधीची नोकरी गेली होती. बरेच महिने घरी बसून होता, दाढी वाढवून. आता नवी मिळाली होती, पण कच्ची. पक्की करायची का नाही, ते ब्रेंडा नावाच्या साहेबीणबाईंच्या हातात. आणि ह्यानं ऑफिसात बढाई मारून ठेवलेली, या माझ्याकडे, धुरावरचं मटण खायला घालतो. त्या रविवारी येतो म्हणाल्या की, नवऱ्याला घेऊन!

जुलै महिना. आमच्या ह्या परदेशातल्या गावात, पापाकुऱ्यात, ऋतू उलटे, जुलैत कडाक्याची थंडी. गवतावर पांढरं मीठ पसरल्यासारखं दहिवर, आणि वारा असा की कानात सुई घालावी. सुहासनं अंधारातच मेंढीचा खांदा मशीनमध्ये ठेवला. थंडीत मशीन तापेना. मनीषा, आमची सून, हॉस्पिटलात नर्स आहे, ती ड्यूटीवर निघता निघता म्हणाली, "अहो, त्याला थंडीत घालायचं जॅकेट मिळतं ना?"

"दुकानात संपलंय. सगळ्यांच्याच मशीनला थंडी वाजतेय."

कसाबसा काट्यावर आकडा चढला, एकशे दहा. मग सुहासला आठवलं, बर्फ आणि प्यायचं सामान आणायचं राहिलं. निघताना मला बजावलं, "आई, झाकण उघडायचं नाही. नुसतं आकड्याकडे बघ. खाली आला तर फोन कर. बाकी काही करू नकोस. प्लीज."

ह्या 'प्लीज'नं मला जरा लागलं. पण बसले खुर्ची टाकून, कानाला मफलर, पायात सुहासचे मोजे.

आता मला सांगा, शिजत घातलेलं बाई न बघता राहील का? एकदाच उघडलं. आकडा शंभर. शंभर का झाला म्हणून परत उघडलं. पंच्याण्णव! फोन केला. गाडी चालवत असणार, उचलला नाही. परत केला. नाही. आकडा नव्वद.

नात ईरा आली बाहेर. तिला मराठी सगळं कळतं, तोंडातून मात्र इंग्रजीच येतं. "आजी, डॅड सेड डोन्ट टच!"

"मी कुठं हात लावतेय? मी त्याला पांघरूण घालतेय."

माझी गोधडी आणून रेड्याच्या पाठीवर टाकली. जरा मागे होऊन बघितलं, तर झाकणाच्या फटीतून धूर येतोय सगळीकडून! म्हटलं, हे बघा, इथं सगळी ऊब पळतेय! आमचा आचारी असली फट बघून पळी फेकून मारायचा. पातेल्याची कड कणकेनं लिंपायची, वर ओलं फडकं, मग आतली वाफ आत. ही गोष्ट मशीन बनवणाऱ्याला कुणी सांगितली नसेल, तर त्यात माझा काय दोष?

परात घेतली. किलोभर कणीक घट्ट मळली आणि झाकणाची कड चहूबाजूंनी लिंपून काढली.

"आजी, इज दॅट प्ले-डो?"

"ये, तू पण लाव. तिकडं फट राहिली बघ."

मग धुराड्यावर ईराचा पोहण्याचा ओला टॉवेल घट्ट बांधला. एकदम धूर बंद! मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. वाटलं, चला, हात अजून चालतात.

पण ह्या मशीनला श्वास लागतो, हे मला कुठं माहीत? आतला पंखा फुंकतोय, आणि बाहेर जायला वाट नाही. धूर मागे फिरला तो गोळ्यांच्या पेटीत! पेटीच्या फटीतून आधी एक बारीक रेघ, मग पिवळा लोट, मग विचारू नका. आकडा जाऊन तिथं इंग्रजी अक्षरं नाचायला लागली.

"आजी, व्हॉट डझ इट से?"

"मला विचारतेस? मी दुसरी पास!"

शेजारचा म्हातारा कुंपणावरून ओरडला, आणि त्या थंडीत हाफ चड्डी आणि रबरी सपातांवर, पाण्याची नळी घेऊन आलाच आत! मी "नो नो" म्हणेपर्यंत त्यानं पेटीचं झाकण उघडून पाणी सोडलं. भुशाच्या त्या गोळ्या. पाणी लागल्यावर फुगल्या की हो! पेटीतून भसाभसा वर आल्या, जशी उतू जाणारी खिचडी. मी गोधडी ओढून घेतली, तिच्या एका बाजूची नक्षी मशीनलाच चिकटून राहिली.

तेवढ्यात सुहासची गाडी आत आली. आणि तिच्यामागे साहेबीणबाईंची.

सुहास उतरून धावलाच.  त्यानं मशीनची वीज काढली आणि झाकण ओढलं. उघडेना. कणीक वाळून दगड झालेली. स्क्रू ड्रायव्हर आणला. ब्रेंडाबाईंनी लाल कोट काढून बाजूला ठेवला आणि दुसऱ्या बाजूनं ओढायला लागल्या. त्यांचा नवरा हेमी, मावरी माणूस, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांतला, दारासारखा रुंद. त्यानं मला "किया ओरा" म्हणून त्यांच्यातला नमस्कार केला, एक हिसका मारला, आणि झाकण ठ्यां करून उघडलं.

आत मटण. बाहेरून काळं, आतून कच्चं.

हेमी काहीतरी विचारत होता. सुहासनं खाली मान घालून मला सांगितलं, "तो विचारतोय, कणीक कशासाठी."

मी हातवारे करून दाखवलं. पातेलं, कड, वाफ. हेमी हसायला लागला ते थांबेचना. त्यांच्यात जमिनीत खड्डा करून, तापल्या दगडांवर जेवण ठेवून, वर ओली पोती आणि माती टाकून गाडतात म्हणे. पण आधी जाळ संपू देतात, मग झाकतात. "तो म्हणतो, तुझी पद्धत बरोबर आहे," सुहास म्हणाला, "फक्त तू जिवंत जाळ गाडलास."

मटण घरातल्या ओव्हनमध्ये गेलं. त्याला वेळ होता, पाहुणे भुकेले. मी गॅसवर पिठलं टाकलं, पोळ्या लाटल्या. ब्रेंडाबाई ओट्याशी उभ्या राहूनच खात होत्या, तव्यावरची पोळी सरळ हातात. मनीषा ड्यूटीवरून आली, तिनं परसातला चिखल बघितला, मला बघितलं, आणि नर्स असल्यामुळे आधी विचारलं, "कुणाला भाजलं नाही ना?"

पाहुणे गेल्यावर सुहास धुराडं पुसत बसला होता. मी म्हटलं, "रागाव एकदा काय ते. आणि हा धूर तुला हवाच कशाला होता रे?"

तो फडकं पिळत म्हणाला, "शाळेत पोरं म्हणायची, तुझ्या शर्टाला धुराचा वास येतो. तेव्हा लाज वाटायची. इथं आल्यावर किती वर्षं शोधतोय, आई. तो वास कुठंच नाही."

 मी दुसरं फडकं घेतलं आणि पेटीतला भुसा काढायला बसले.

नोकरी पक्की झाली. मनीषा म्हणते ती सुहासच्या कामामुळे झाली, पोळ्यांमुळे नाही. असेल. आता मशीन लागलं की सुहास स्वतः माझी खुर्ची शेजारी टाकतो, मोठ्या मानानं बसवतो, "आई, तू असलीस की बरं वाटतं" म्हणतो. आणि त्याआधी गुपचूप जाऊन कणकेचा डबा सगळ्यात वरच्या कपाटात ठेवतो, जिथं माझा हात पोचत नाही.