शिंपीणकाकूची मशीन आणि कॅट-रॅट-मॅट

शिंपीणकाकूचा पाय मशीनवर पडला की आमची तोंडं आपोआप सुरू व्हायची. "कॅट मांजर, रॅट उंदीर, मॅट चटई, फॅट जाडा." दोरा तुटला की आम्ही गप्प. दोरा ओवून पाय हलला की पुन्हा तिथूनच पुढे. तिने कधी "म्हणा गं" म्हटल्याचं मला आठवत नाही.

ती आष्टीच्या रामा शिंप्याची बायको. माहेर नगरचं. तिकडे इंग्रजांचा अंमल होता, तिथल्या मुलींच्या शाळेत ती इंग्रजीच्या दुसऱ्या पुस्तकापर्यंत पोचली होती. आमच्याकडे निजामाचं राज्य. पोरींना मराठी चार अक्षरं आली तरी लोक डोळे वटारायचे, इंग्रजी तर कुणाच्या डोक्यातही नव्हतं. लग्नात माहेरच्यांनी तिला सोन्याऐवजी एक लोखंडी पायमशीन दिली होती. नवरा कापड बेतायचा, ही शिवायची. बाईमाणूस मशीन चालवतं याचंच गावाला नवल वाटत होतं. ते नवल जुनं व्हायच्या आत तिने इंग्रजी सुरू केलं.

आम्ही काही पोरी काजं-बटणं करायला तिच्या पडवीत बसायचो. ती प्रेमळ होती असं मी लिहिणार नाही. सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ते पितळी अंगुस्तान तिच्या बोटात कायम असायचं, आणि पोरगी चुकली की ते तिच्या डोक्यावर वाजायचं. पण एकदा शिकवलेलं विसरायची कुणाची छाती नव्हती.

शिकवायची रीतही शिंप्याचीच. "ह्या समद्या शब्दांचा शेवट एकाच ताग्यातला हाय," ती म्हणायची. "म्होरं नुसतं ठिगळ बदलायचं. एक शेवट पाठ झाला की बाकीचे फुकट." मग पॉट मडकं, हॉट गरम, कॉट बाज. हेन कोंबडी, पेन लेखणी, टेन दहा. आणि एक नियम पक्का होता. शब्द म्हटला की ती वस्तू दाखवायची, जवळ असेल तर तिला हात लावायचा. हात न लावता नुसता अर्थ सांगितला तर अंगुस्तान ठरलेलं. हेन म्हणताना आम्ही अंगणभर कोंबडीमागे पळायचो.

माझी आई एकदा करवादली, "कशापायी शिकतीस गं हे? चूल काय इंग्रजीत पेटती?" मी ते जसंच्या तसं काकूला सांगितलं.

"तुझ्या आईला म्हणावं, मराठीत तरी कुठं आपोआप पेटती?" काकू म्हणाली आणि पुढची बाही मशीनखाली सरकवली.

चावडीवर अण्णा नावाचे कारकून होते. पोट भलं मोठं, आवाज त्याहून मोठा. त्यांना आमचं ओरडणं चावडीपर्यंत ऐकू यायचं. त्या काळी सरकारच्या इजाजतीशिवाय कुणाला खासगी शाळा चालवता येत नसे. अण्णांनी बीडला अर्ज ठोकला. मशीन जप्त होणार, अशी गावात बोलवा उठली. ती मशीन गेली असती तर काकूच्या घरात भाकरी शिजली नसती. रामाकाकांनी पोरींना घरी पाठवायचं काढलं. काकू म्हणाली, "त्यांना पाठवून काजं काय तुम्ही करणार?"

आणि खरोखरच शाळाखात्याचे मोहतमीम, म्हणजे तपासनीस साहेब आले. उंच, लाल तुर्की टोपी. मागे अण्णा.

"सुना है, यहाँ बगैर इजाजत मदरसा चलता है?"

"मदरसा न्हाई साहेब. शिवणकाम हाय."

"अच्छा? चलाओ."

काकूने सदऱ्याची शिवण धरली आणि पाय मारला. झालं. आमची तोंडं सुटली. "कॅट मांजर, रॅट उंदीर..." गप्प बसायचं आम्हाला पक्कं बजावलेलं होतं. पण मशीन चालू असताना गप्प कसं बसायचं हे कुणाला शिकवलंच नव्हतं.

"बघा साहेब! म्या काय म्हन्लं होतं?" अण्णा ओरडले. रामाकाकांच्या हातातली कात्री खाली पडली.

काकूने पाय थांबवला नाही. शिवण शेवटापर्यंत नेली, दोरा दाताने तोडला आणि मग मान वर केली.

"साहेब, तुमच्या घरी जातं हाय का?"

"है."

"दळताना बाया गात्यात का?"

"गाती हैं."

"त्याला कुणाची इजाजत घेता? जात्यावर ववी, मशीनीवर हे. काम करताना बाईचं तोंड चालणारच."

साहेब आमच्याकडे वळले. "मतलब भी समझती हैं, या तोते हैं?" त्यांनी आमच्यातल्या गंगूला उभं केलं आणि स्वतःच्या टोपीवर बोट ठेवलं. "ये हॅट?"

गंगूने टोपी नीट निरखली. "न्हाई साहेब. ही कॅप हाय. हॅट नगरच्या गोऱ्या साहेबाच्या डोक्यावर असती."

"और फॅट?"

"जाडा," गंगू म्हणाली. नियम तो नियम. तिने इकडेतिकडे पाहिलं, सरळ चालत गेली आणि अण्णांच्या पोटावर हात ठेवला.

साहेब इतके हसले की त्यांना टोपी धरावी लागली. अण्णा लाल झाले. काकू मात्र हसली नाही. धडा बरोबर आला होता, त्यात हसायचं काय?

जाताना साहेबांनी सगळ्यांसमोर निकाल दिला. "यहाँ कोई मदरसा नहीं. औरतें काम करते करते गाती हैं. गाने पर सरकार की कोई रोक नहीं."

काकू जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मी चौथीच्या पुढे शिकले नाही, पण ते शब्द आजही झोपेतून उठवलं तरी म्हणेन. तिचं नाव निघालं की मला अजून साहेब गेल्यानंतरचा पहिला बाजाराचा दिवस दिसतो. अण्णा आपल्या पोरीला घेऊन पडवीशी उभे होते. नजर जमिनीवर.

"हिला शिवण शिकवा म्हन्तो, वहिनी. नुसती शिवण."

"नुसती शिवण न्हाई जमत आमच्यात," काकू म्हणाली. "गाता आलं तर बसू द्या, न्हाईतर न्या माघारी."

अण्णांनी पोरीच्या पाठीला हात लावून तिला पुढे ढकललं. काकूने पाय मारला. त्या दिवशी पडवीत इतक्या नव्या पोरी आल्या होत्या की आम्ही जुन्या उठून अंगणात बसलो, आणि तिथून आणखी मोठ्याने ओरडलो.