चाँदभाईचा उलटा हात

खरं सांगतो, चाँद मिस्त्रीचं नाव काढलं की माझ्या पोटात दुखायला लागतं. लपवून काय उपयोग? वडवणीत रस्त्याच्या त्या अंगाला त्याचं दुकान, या अंगाला माझं. दोघंबी वेल्डर. अकरा वर्षं झाली, सकाळी शटर वर केलं की पहिलं तोंड त्याचंच दिसतं. आन गिऱ्हाईक माझ्या दारात गाडी लावून मलाच विचारतं, "चाँदभाई आलेत का वो?" म्हंजे मी काय रस्ता दाखवायची पाटी हाय का?

काम दोघांचं एकच. परळीच्या वीज केंद्रातनं राख वाहणाऱ्या जुन्या गाड्या आमच्याकडं येत्यात. ओली राख दाराच्या पत्र्यात बसती आन दार खालून सडून जातं. तसलं जुन्या मॉडेलचं दार आता नवं मिळत न्हाई. मग मालक भंगारातनं दुसऱ्या कुठल्या तरी उंच गाडीचं दार उचलून आणतो आन आमच्या पुढ्यात टाकतो. मधून चार बोटं कापा, जोडा, बसवा! कापायला काय, कुणीबी कापंल. जोडताना खरी परीक्षा हाय. पातळ पत्रा तो, जरा आच जास्त झाली की फुगतो. कोपरे ओढले जातेत, दार चौकटीत बसत न्हाई, आन बसलंच तर पहिल्या खड्ड्यात आपोआप उघडतं.

माझ्या दारांना पोट यायचं. हाय ते हाय. रामहरी म्हणून एक डायव्हर हाय, लई आगाऊ. त्यानं माझ्या दारावर थाप मारली आन चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत विचारलं, "बजरंग मिस्त्री, कितवा महिना चाललाय वो दाराला?" लोक हसून हसून लोळले. मीबी हसलो, दात काढून. आत काय चाललं होतं ते माझं मलाच ठावं.

आन चाँदभाईचं दार? एका बोटानं ढकलावं, खट्ट! जोड कुठं हाय ते रंग दिल्यावर त्याला सोताला सापडत नसंल. त्याचा बाप आठवडी बाजारात बादल्यांना बुडं लावायचा. हा चौदाव्या वर्षी परळीला एका गाड्यांच्या बॉडीवाल्याकडं गेलता, आठ वर्षं तिथं पत्रा ठोकला, मग इथं येऊन दुकान टाकलं. मदिनाबीशी लगीन केलं. पोरगी नाजिया बीडला नर्स झाली. साधं सरळ सगळं. त्याची एक खोड सांगावी म्हणलं तर सापडत न्हाई, आन माझी हीच तर बोंब हाय. माणसानं जळायचं तर समोरच्यानं काही तरी वाईट वागायला नको का?

आमची वनमाला एकदा भाकरी वाढता वाढता म्हणली, "जरा शिका की त्यांच्याकडनं." सोताची बायको! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तसाच उठलो ताटावरनं.

शिकायचं काय? मी तर अकरा वर्षं बघतच होतो, चोरून. तो वेल्डिंगचा एक टाका मारायचा, ज्वारीच्या दाण्याएवढा. दुसरा तिथं न्हाई, पार त्या टोकाला. जोडाच्या दोन्ही बाजूला ओलं फडकं दाबून ठेवायचा. मग उठायचा, चहा प्यायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याची खुशाली विचारायचा. परत येऊन उलटा हात, म्हंजे हाताची मागची बाजू, पत्र्यावर ठेवायचा. हाताला सोसलं तर पुढचा टाका, न्हाई तर अजून गप्पा. एका दाराला अख्खा दिवस! मी म्हणायचो, आळशी हाय नुसता.

एकदा मला वाटलं, सगळी करामत त्या ओल्या फडक्यात हाय. फडकं कशाला, म्हणलं, आन तापलेल्या जोडावर बादलीच ओतली. पत्रा असा कडाडला आन वाफ अशी आली हातावर, की मी त्या दाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मला चटका बसला की मी गप बसणारा माणूस न्हाई, अख्ख्या रोडला कळतं. पलीकडनं चाँदभाई हसत वरडायचा, "बसला का बे?" दर बारीला हेच. ह्या दोन-तीन महिन्यांत मात्र त्यानं वरडणं सोडलं होतं. मी बोंबललो की नुसता माझ्याकडं बघत ऱ्हायचा. मला वाटलं, आता हा आपल्याला हसायच्याबी लायकीचा समजत न्हाई.

अशात सुंदरराव आले. शेतीवाडीवाले मोठे माणूस, राखेच्या सहा गाड्या त्यांच्या. सगळ्या आरटीओच्या पासिंगला काढायच्या होत्या आन सगळ्यांची दारं गेलेली. त्यांनी एक गाडी रोडच्या मधोमध उभी केली. "डायव्हरकडलं दार चाँदभाईला, क्लीनरकडलं बजरंगला. ज्याचं बरं बसंल, त्याला बाकीच्या पाच गाड्या." टपरीवरची माणसं उठून उभी ऱ्हायली. रामहरी माझ्याकडं बघून पोटावरनं हात फिरवत होता.

पाच गाड्यांचं मला काही पडलं नव्हतं. मला एकदाच, फक्त एकदाच, ऐकायचं होतं की बजरंगचं दार चाँदभाईपेक्षा बरं.

त्या दिवशी मी लाज सोडली आन त्याचीच नक्कल केली. दाण्याएवढा टाका. मग त्या टोकाला दुसरा. ओलं फडकं. मग बसलो, मांडीखाली हात दाबून, कारण हात शिवशिवत होते. उलटा हात लावला, चटका, शिवी, परत बसलो. बसून करायचं काय? समोर बघत ऱ्हायलो.

आन समोर भलतंच चाललं होतं. चाँदभाई टाक्यावर टाका मारत होता. हात ठेवायचा, लगेच पुढं. एकदा तर टाका मारला आन लागलीच हात पत्र्यावर टेकवून आरामात मदिनाबीशी बोलत बसला. मनात म्हणलं, माज आलाय. बजरंगला हरवायला कशाला पाहिजे धीर, अर्ध्या दिवसात होतंय!

दिवस कलताना दारं चढवली. माझं दार ढकललं. खट्ट! आयुष्यात पहिल्यांदा. त्याचं दार मधून फुगलेलं, खालचा कोपरा दोन बोटं भाईर. रामहरीनं थाप मारली. ढब. टपरीवर कुणीच हसलं न्हाई. सुंदरराव म्हणले, "बजरंग, उद्यापासून गाड्या तुझ्याकडं."

काय सांगू! मला नाचावंसं वाटलं. पाव किलो जिलेबी घेतली आन तडक त्याच्या दुकानात गेलो. तोंड गोड करा चाँदभाई, असं म्हणायचं होतं, लई चढून. खोटं कशाला बोलू?

आत मदिनाबी त्याच्या उजव्या हाताला मलम लावत होती. उलट्या हाताची कातडी सोलून निघाली होती, आंगठ्यापासनं करंगळीपर्यंत. मी पुडी हातात धरून तसाच उभा.

"अवो, हे कवा झालं? तुमी साधं 'हाय' बी केलं न्हाई!"

"कळलंच न्हाई," चाँदभाई म्हणला. "शुगर हाय बे. आधी पाय बधिर झाले, मग बोटं, आता अख्खा हात. पत्रा तापलेला का गार, मला दोन्ही सारखंच."

"मग सांगायचं न्हाई का कुणाला?"

"कुणाला सांगू? मिस्त्रीचा हात गेला म्हणल्यावर दार कोण टाकतंय?" त्यानं माझ्या हाताकडं बघितलं. माझ्याबी हातावर सकाळचे फोड होते. "तुला चटका बसायचा, तू बोंबलायचा. मला लई जळायला व्हायचं तुझ्यावर. वाटायचं, ह्याचा हात कसा जिता हाय."

आईशपथ! अकरा वर्षं मी जळलो, आन हा दोन-तीन महिन्यांपासनं माझ्या शिव्यांवर जळत होता. जिलेबी तिथंच ठेवली. खाल्ली कुणी का न्हाई, आठवत न्हाई.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. मी दार खांद्यावर घेतलं आन रस्ता ओलांडला. "टाके तुमी मारा," मी म्हणलो, "हात मी लावतो."

त्यानं माझ्या खांद्यावरनं दार उतरवून घेतलं. टाका मारून माझ्याकडं बघायचा. मी उलटा हात ठेवायचो, शिवी द्यायचो. "अजून गरम हाय, थांबा!" मग चहा. मग परत हात. टाके त्याचे काय पडत होते! एका ओळीत, एका मापात. हात बधिर झाला तरी माझ्यापेक्षा बरे. मला तिथंबी जळायला झालंच. स्वभाव कुठं जातोय.

पाची गाड्या अशाच झाल्या, त्याच्या दुकानापुढं पडदा लावून, हात कुणाचा लागतोय ते कुणाला दिसू नये म्हणून. सुंदरराव न्यायला आले. एकेक दार एका बोटानं ढकलून बघितलं. खट्ट, खट्ट. त्यांनी भुवई वर केली. रामहरी तर खदाखदा हसला. "मिस्त्री, ही दारं तुमची? च्यायला, ही चाँदभाईची हायत!"

"खरं सांग बजरंग," सुंदरराव म्हणले, "तुझ्या हातचं हाय का हे?"

टपरीवरचे सगळे कान टवकारून बसले होते. पलीकडं चाँदभाई उभा होता, उजवा हात खिशात घालून. त्यानं माझ्याकडं बघितलं आन मान खाली घातली. माझ्या तोंडात आलं होतं, हो, माझाच हात हाय ह्याच्यात, हे बघा फोड! अकरा वर्षं थांबलो होतो ह्या एका सवालासाठी.

"कशाचं माझ्या हातचं," मी म्हणलो. "त्यांनीच केली सगळी. मला जमतंय व्हय?"

लोक हसले. मी फोड आलेला हात चड्डीला पुसला आन माझ्या दुकानात येऊन बसलो. पोटात दुखत होतंच.