साडेबारा दिवसांची लावणी

बेबीवहिनी मला पहिल्यांदा भेटली तेव्हा तिने माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझ्या काखेतल्या खोक्याकडे बोट करून म्हणाली, "ह्याचं किती?"

गुरांच्या दवाखान्यात माझी नवी नेमणूक होती. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याच्या अलीकडे रस्त्यापासून जरा आत एक वाडी आहे, तिथे तिची मागची खोली भाड्याने मिळते असं कळल्यावर मी एका हातात कपड्यांची बॅग आणि काखेत व्हिडिओ गेमचं खोकं घेऊन दारात उभा होतो. खोक्यात काय आहे ते मी सांगितलं. किंमतही सांगितली. नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी खोटं बोलायचं नाही, एवढंच त्यामागे धोरण. तिने डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली आणि म्हणाली, "बाय गो! सत्तर दिवसांची लावणी!"

जगातली कुठलीही किंमत बेबीवहिनी भातलावणीच्या दिवसांत मोजायची. दिवसभर चिखलात वाकून रोपं लावली की बाईच्या हातात जे पडतं, ते तिचं माप. माझं खोलीचं भाडं पाच दिवसांची लावणी. मुरबाडच्या दुकानातली स्टीलची कळशी दोन दिवस. सिमेंटची गोणी एक दिवस, आणि वर दुपारपर्यंत. रुपयांत सांगितलेली किंमत तिच्या डोक्यात शिरायचीच नाही. कंबरेला समजली की मग ती डोक्याला समजायची.

पंचेचाळिशीच्या, उंच, दणकट बाईला बेबी म्हणताना मला सुरुवातीला चोरट्यासारखं व्हायचं. पण गावभर ती बेबीच होती. नवरा गणपतदादा वैशाखरे ते मुरबाड जीप चालवायचे आणि तेही भर रस्त्यात "ए बेबी गो" अशी हाक मारायचे. घरात टीव्ही एकच, तिच्या ओसरीवर. त्यामुळे माझा गेम तिथेच लावावा लागला, आणि पहिल्याच रविवारी दुपारी ती हात पुसत शेजारी येऊन बसली. "सत्तर दिवसांचा डबा करतो काय, बघू तरी."

मोटारींच्या शर्यतीचा गेम होता, डोंगरातल्या रस्त्याचा. मी रिमोट तिच्या हातात दिला. अर्ध्या तासात तिला गाडी चालवता येऊ लागली, आणि त्यानंतरची दोन वर्षं ती प्रत्येक शर्यतीत शेवटची आली. कारण साधं होतं. बेबीवहिनी शर्यतीतही घाटाचे नियम पाळायची. वळण आलं की हॉर्न. उतारावर वेग कमी. आणि समोरून एखादा ट्रक चढण चढत आला, तर ही बाई गाडी कडेला घेऊन चक्क थांबायची.

"वहिनी, शर्यत आहे!" मी ओरडायचो.

"आसंल. चढनाऱ्याला आधी जागा द्यावी लागते. ह्यांना इचारा."

ओसरीच्या पायरीवर जीपचं सामान पुसत बसलेले गणपतदादा गंभीरपणे मान हलवायचे. ट्रक निघून गेला की वहिनी त्याला हात करायची. पडद्यावरच्या ट्रकला! मग पुन्हा गिअर टाकून शेवटच्या नंबराकडे मजेत निघायची. हरण्याचं तिला काडीचंही वाईट वाटत नसे. "दरीत तर नाय ना गेलो?" हा तिचा शर्यतीचा निकाल असायचा.

गेमच्या किमती हा माझा जुना दुखरा विषय. लहानपणी मला एक पिवळी कॅसेट हवी होती, दीडशे रुपयांची. त्यासाठी मी वडिलांच्या मागे वर्षभर लागलो होतो आणि शेवटी कॅसेटऐवजी कंपासपेटी मिळाली. पुढे सीड्या आल्या, त्या हजाराच्या घरात. नोकरी लागली तेव्हा नवा गेम चार हजारांचा झाला होता, आता पाच. म्हणजे माझा पगार जेवढा वर चढायचा तेवढाच गेम त्याच्या पुढे पळायचा. मी हे सगळं तावातावाने वहिनीला ऐकवलं. म्हटलं, लूट आहे ही.

 मग एकदा मी शर्यतींची सगळी मालिका जिंकलो आणि पडद्यावर गेम बनवणाऱ्यांची नावं खालून वर सरकायला लागली. मी बंद करायला गेलो तर तिने माझा हात धरला. "थांबा. कोन हायत हे?"

"ज्यांनी हा गेम केला ती माणसं."

ती बघत राहिली. नावं संपेचनात. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण ओळी मोजता येत होत्या. शंभरानंतर तिने मोजणं सोडलं. "एवढी मानसं राबली?" ती म्हणाली. "एवढ्यांची न्याहारी कोन करत आसंल हो?" शेवटचं नाव वर जाईपर्यंत तिने मला उठू दिलं नाही. मग निवाडा दिला. "महाग हाय, पन लबाडीचा नाय. एकट्याला महाग हाय."

'एकट्याला महाग' हे तिचं नेहमीचं बोलणं. फवारणीचा पंप एकट्याला महाग. लग्नाचा मांडव एकट्याला महाग. हे म्हणताना तिचा सूर तक्रारीचा कधीच नसे. आता माणसं गोळा करायला हवीत, एवढाच त्याचा अर्थ.

तिसऱ्या वर्षी त्याच गेमचा नवा भाग निघाला. बर्फाचे डोंगर, नवे घाट, नव्या गाड्या. मोबाइलवर त्याची झलक पाहून वहिनी हरखलीच. आयुष्यात तिने कुठलीच वस्तू नवी निघाल्या निघाल्या घेतली नव्हती. भाजी धसईचा बाजार उठताना, जीप तिसऱ्या मालकाकडून, टीव्ही जावेचा जुना. "डाक्टर, एकदा तरी मुंबईवाले खेळतात तवाच आपनही खेळायचं," ती म्हणाली. किंमत पाच हजार. "साडेबारा दिवसांची लावणी," ती म्हणाली. मग पदर खोचला. "सावड करू."

वाडीत लावणी सावडीने होते. आज सगळ्यांनी माझ्या शेतात राबायचं, उद्या तुझ्या. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. ज्याचं शेत त्याने न्याहारी घालायची, आणि आपली पाळी झाली म्हणून दुसऱ्याची चुकवायची नाही. माझा डबा बघून वाडीत आणखी दोन घरांत जुने डबे आले होते, एक सखूआत्याच्या मुलाने आणलेला, दुसरा शेजारच्या किसनच्या घरी. वहिनीने त्या दोघांना धरलं, स्वतःला धरलं आणि माझ्या भाड्याच्या खोलीला चौथं घर ठरवलं. घरटी तीन दिवस आणि वर न्याहारीपर्यंतचं काम एवढा वाटा. सीडी आठ-आठ दिवस एकेका घरी फिरणार. सखूआत्या वाडीतली सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत संशयी. तिने विचारलं, "गो बेबी, सगळ्यांच्या डब्यात चालंल ना ती?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी छातीठोकपणे सांगितलं, "चालणारच. सीडी कुठेही चालते."

"माझा शबूद," वहिनी म्हणाली. सखूआत्याने कनवटीचे पैसे काढले.

गणपतदादांनी खोकं कल्याणहून आणलं. ओसरीवर चारही घरं जमली. वहिनीने त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि खोकं उघडलं. आत सीडी नव्हती. एक घडीचा कागद होता, त्यावर एक लांबलचक आकडा. मी खालची बारीक अक्षरं दोनदा वाचली. हा आकडा एकदाच चालणार, तोही एकाच डब्यात. सीडीचा जमाना मागे पडला होता आणि वाडीत बसलेल्या मला त्याचा पत्ता नव्हता. गणपतदादांनी दुकानात फोन लावला. उघडलेला माल परत घेत नाही, असं उत्तर आलं.

"बेबी, तू शबूद दिलास," सखूआत्या एवढंच म्हणाली आणि काठी टेकत निघून गेली. तिच्या मागोमाग किसनच्या घरचे गेले.

चूक सगळी माझी होती. पण ओसरीवर कपाळाला हात लावून वहिनी बसली. पुढचे दोन दिवस तिने मला कशाची किंमत विचारली नाही. मी नवी चप्पल घालून तिच्यासमोरून तीनदा गेलो, तरी नाही. तेव्हा मला खरंच भीती वाटली. या बाईच्या शब्दावर वाडीत पोरींची लग्नं ठरायची. माझ्या अर्धवट ज्ञानापायी तो शब्द खाली पडला होता.

तिसऱ्या दिवशी मी पाकीट घेऊन गेलो. म्हटलं, सगळ्यांचे वाटे मी परत करतो.

"पैशे ठेवा," ती म्हणाली. "मानसं लावणीला आली, अन शेतात पानी नाय. तर काय पैशे देऊन घरी धाडायची? दुसरं शेत दाखवावं लागतं." मग तिने मला खाली बसवलं. "गेम एका डब्यात बसतो. बराबर?"

"बरोबर."

"डबा टोपलीत बसतो. बराबर?"

मला उमगायला जरा वेळ लागला. मग उमगलं, आणि खरं सांगतो, पहिल्यांदा जिवावर आलं. डबा माझा होता. माझ्या सत्तर दिवसांचा. तो डोक्यावरून वाडीभर फिरणार! वहिनीने माझा चेहरा वाचला. "डबा तुमचा हाय. नको म्हना, मी रागवायची नाय."

मी हो म्हटलं. आजवर घेतलेल्या शहाण्या निर्णयांत मी तो पहिल्या नंबराला ठेवतो.

गणपतदादांनी डबा मुरबाडला भाच्याकडे नेला आणि कागदावरचा आकडा टाकून दोन दिवसांत इंटरनेटवरून गेम भरून आणला. रविवारी सकाळी वहिनीने टोपलीत गोधडी अंथरली, त्यात डबा ठेवला, वर दुसरी गोधडी टाकली आणि टोपली डोक्यावर घेऊन सखूआत्याच्या दारात जाऊन उभी राहिली. "आत्या, तुझी पाळी पयली. अन सावड हाय, तर सगळी घरं येतील. न्याहारी लाव."

सखूआत्याने टोपलीकडे पाहिलं, मागे उभ्या असलेल्या आम्हा दहा-बारा जणांकडे पाहिलं आणि आत वळून सुनेला ओरडली, "तांदळाचं पीठ काढ गो!"

ठरलं होतं तेव्हा प्रत्येकाला आठ दिवस मिळणार होते. आता डबा जाईल तिथे सगळे जात होते, म्हणून प्रत्येकाला बत्तीस दिवस मिळाले, शिवाय चार घरांच्या भाकऱ्या. वहिनीने याचाही हिशोब लावणीत करून दाखवला आणि सखूआत्याला तो मान्य करावा लागला. खेळताना आत्या समोरच्या गाडीला अशा शिव्या द्यायची की किसनच्या घरची मंडळी हसून भिंतीला टेकायची. आणि वहिनी बर्फाच्या घाटातही चढत्या ट्रकला जागा देत शेवटची यायची.

माझी पाळी चौथी होती. "तवर पोहे करायला शिका," वहिनीने मला बजावलं होतं. मला चहापलीकडे काही येत नव्हतं. पण तिसरी, म्हणजे वहिनीची, पाळी चालू असतानाच माझी बदली शहापूरकडे, शेणव्याला झाली. डबा मी तिथेच ठेवला. चालू सावड मोडून तो उचलून नेणं मला जमलं नसतं. निघताना वहिनीने शेणव्याच्या खोलीचं भाडं विचारलं. "सात दिवस? लुटलं तुमाला," ती म्हणाली आणि पटकन आत गेली. मी रस्त्यापर्यंत आलो तरी बाहेर आली नाही. मला रडू आलं, ते मी जीपमध्ये बसल्यावर धुळीच्या नावावर खपवलं.

दोन-तीन महिने गेले. शेणव्याच्या त्या खोलीत रविवार मोठे लांब वाटायचे. अशाच एका रविवारी सकाळी दारात ओळखीचा हॉर्न वाजला. वळणावर वाजवतात तसा, लांबलचक. बाहेर आलो तर गणपतदादांची जीप उभी. त्यातून सखूआत्या काठी सावरत उतरली, किसनच्या घरचे उतरले, आणि सगळ्यांत शेवटी डोक्यावर टोपली घेऊन बेबीवहिनी.

"चौथं घर राहिलं होतं," ती म्हणाली. "तुमचे आठ दिवस. सावड बाकी ठेवून कोन झोपंल?" मग माझ्या खांद्यावरून आत डोकावली. "टीव्ही नवा घेतलाव? ह्याचं किती?"

मी किंमत सांगितली. तिने डोळे मिटले, पुटपुटली आणि म्हणाली, "बाय गो!" ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी दारातच हसत सुटलो.

"हसता काय? न्याहारी लावा. पोहे शिकलाव ना?"

शिकलो नव्हतो. शेजारून दोन किलो पोहे मागून आणले, मोबाइलवर बघत बघत केले आणि घाबरून मीठ दोनदा टाकलं. तोवर गेम सुरू झाला होता. सखूआत्याच्या शिव्या गल्लीभर ऐकू जात होत्या. वहिनी ट्रकला जागा देऊन कडेला थांबली होती आणि त्याच वेळी मी तिच्यापुढे ताटली धरली. तिने एक घास घेतला. मी समोर उभा.

तिने सावकाश चावून गिळलं, खोलीभर बसलेल्या माणसांवरून नजर फिरवली आणि ताटली पुन्हा माझ्यापुढे केली.

"वाढा आनखी," ती म्हणाली. "एकट्याला खारट हायत. एवढ्या मानसांत सरतील."