हृदयाच्या डॉक्टरांनी बोटं तपासली

बोळिंजच्या एका लॅबमध्ये मी रक्त काढायचं काम करते. चौदा वर्षं झाली. दंडाला पट्टा बांधायचा, कोपराच्या खळगीत शीर शोधायची, नळी भरली की कापूस दाबून धरायला सांगायचं आणि पुढच्याला बोलवायचं. कोणती तपासणी करायची ते नळीच्या लेबलवर असतं. त्यात सीआरपी ही अक्षरं मी किती वेळा वाचली असतील त्याला गणती नाही. शरीरात कुठे दाह असला की हा आकडा वाढतो, एवढं मला शिकवलं होतं. त्यापुढे काही विचारावं असं कधी मनात आलं नाही.

माझी आत्या भुईगावला राहते. तिच्या सासरची मोगऱ्याची वाडी आहे. फार मोठी नाही, पण हंगामात रोज पहाटे कळ्या खुडायच्या आणि टोपल्या बाजाराला रवाना करायच्या, हे काम ती लग्न झाल्यापासून करत आली. आता ती पासष्टीची आहे. अंगाने सडसडीत, खाण्यात बेताची, तंबाखूला कधी हात न लावलेली. बोलते ती आमच्या घरच्या बोलीत. इथे मी तिचं बोलणं सगळ्यांना कळेल अशा मराठीत लिहिते आहे. त्यात तिचा ठसका थोडा हरवेल, त्याला माझा इलाज नाही.

तिला बरीच वर्षं संधिवात आहे. सकाळी उठल्यावर बोटं उघडायचीच नाहीत. चहाचा गरम पेला दोन्ही तळव्यांत धरून ती ओट्यावर बसून राहायची, मग एकेक बोट सुटायचं. कळी खुडायला अंगठा आणि शेजारचं बोट एवढं पुरतं, असं म्हणायची. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली होती. ती तिने वर्षभर घेतली, मग केस विरळ झाले म्हणून सोडून दिली आणि औषधाच्या दुकानातून दुखण्याची गोळी आणायला लागली. मी दोन-तीन महिन्यांनी एखाद्या रविवारी जाऊन तिचं रक्त घ्यायचे. सीआरपी दर वेळी वाढलेला असायचा. आठवड्याची गोळी परत सुरू कर म्हणून मी तिच्यामागे लागायचे, ती हो म्हणायची, आणि आम्ही दोघी ते विसरायचो. तो आकडा तिच्या बोटांचा आहे असंच मी धरून चालले होते.

गेल्या वर्षी मोगरा भरात असताना मी अशीच एका रविवारी गेले. दंडाला पट्टा बांधत होते, तेव्हा ती सहज बोलावं तसं बोलली.

“टोपली उचलून चालायला लागले की जबडा आवळतो. खाली ठेवली की सुटतो.”

मी पट्टा सोडला. कधीपासून, असं विचारलं. पंधरा-वीस दिवस झाले असतील, म्हणाली. छातीत दुखतं का? छातीत नाही, जबड्यात आणि पाठीत, खांद्यांच्या दोन्ही फऱ्यांच्या मध्ये. तिने ओवा खाऊन पाहिला होता. दाढ असेल म्हणून दातांच्या डॉक्टरांकडेही जाऊन आली होती, आणि दाढेत काही नाही म्हणून त्यांनी परत पाठवलं होतं. आमच्या लॅबमध्ये ईसीजी काढणाऱ्या बाई प्रत्येकाला एक प्रश्न विचारतात, तो मला पाठ होता: चालल्यावर दुखतं आणि थांबल्यावर थांबतं का? आत्याने तो प्रश्न न विचारताच त्याचं उत्तर दिलं होतं.

तिचे यजमान, आमचे काका, उद्या जाऊ म्हणत होते. त्या दिवशीच्या टोपल्या अजून अंगणात होत्या. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, रिक्षा बोलावली. वसईच्या हॉस्पिटलात ईसीजीत थोडा फरक दिसला, तिला ठेवून घेतलं, आणि दोन दिवसांनी अँजिओग्राफी केली.

आम्ही सगळे मनाची तयारी करून बसलो होतो. मोठा अडथळा निघेल, स्टेंट घालतील, मग सुटका होईल. तसं झालं नाही. एका रक्तवाहिनीत एका जागी चरबी साठून ती अरुंद झाली होती, पण स्टेंट घालावा इतकी नाही. बाकीच्या वाहिन्या बऱ्या होत्या. काका मला बाजूला घेऊन म्हणाले, म्हणजे काही नाहीच ना. आत्या पलंगावरून ऐकत होती. काही नसेल तर जबडा कोण आवळतो, असं तिने विचारलं.

संध्याकाळी हृदयाच्या डॉक्टर आल्या. चाळिशीच्या असतील, शांत आवाजाच्या. त्यांनी नाडी पाहिली, मग आत्याचा हात तसाच हातात ठेवून बोटांचे सांधे एकेक करून दाबले. सकाळी बोटं उघडायला किती वेळ लागतो, ते विचारलं. चहा संपेपर्यंत, आत्या म्हणाली, आणि मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, “ह्यांना छातीसाठी बोलावलंय ना?”

डॉक्टर हसल्या. जुने रिपोर्ट आहेत का, म्हणाल्या. माझ्या पिशवीत सगळी फाईल होती. एकेका रिपोर्टवरच्या सीआरपीपाशी त्यांचं बोट थांबत गेलं. त्यातलं जवळजवळ प्रत्येक रक्त मी स्वतः काढलेलं होतं.

त्या बाहेर गेल्या तशी मीही मागे गेले. लॅबमध्ये काम करते असं सांगितलं आणि बोटांचा नि हृदयाचा काय संबंध, ते विचारलं. त्या कॉरिडॉरमध्येच थांबल्या.

“रक्तवाहिनी म्हणजे नुसती नळी नव्हे,” त्या म्हणाल्या. “तिला आतून एक पातळ, जिवंत अस्तर असतं. हृदयाला जास्त रक्त हवं असलं की ते अस्तर वाहिनीला सैल करतं. अंगात वर्षानुवर्षं दाह धुमसत राहिला की तो सांध्यापुरता राहत नाही. अस्तर बिघडतं. मग ओझं उचललं तरी वाहिनी हवी तितकी सैल होत नाही.”

अशा बिघडलेल्या अस्तराखाली चरबी सहज शिरते आणि तिथे पुन्हा दाह होतो, हे त्यांनी सांगितलं. अगदी बारीक वाहिन्या तर अँजिओग्राफीच्या चित्रात दिसतही नाहीत. आत्याचा त्रास चित्रापेक्षा जास्त होता, त्याचं एक कारण हे असू शकेल. असू शकेल, हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. मी विचारलं, हे तपासता येतं का? काही ठिकाणी दंडाला पट्टा आवळून काही मिनिटं रक्त थांबवतात, मग सोडतात आणि सोनोग्राफीवर धमनी किती रुंदावते ते मोजतात, असं त्या म्हणाल्या.

दंडाला पट्टा बांधणं हे माझं रोजचं काम. मी तो एका मिनिटात सोडते आणि पुढच्या माणसाकडे वळते. सोडल्यावर हातात काय होतं, ते कधी पाहिलं नव्हतं. घरी जाऊन रक्तदाब मोजायच्या यंत्राचा पट्टा मी स्वतःच्या दंडाला लावला, फुगवला आणि तळहात पिवळट पडेपर्यंत थांबले. हवा सोडली. आधी काहीच झालं नाही, मग मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत लाली धावत गेली आणि हात कोमट झाला. मी ते पुन्हा केलं. मुलगी म्हणाली, आई, हात काळा पडेल.

आत्या घरी आल्यावर मी तिच्या हातावरही पाहणार होते, पण आधी डॉक्टरांना फोनवर विचारलं, हे बरं झालं. त्यांनी स्पष्ट नको म्हणून सांगितलं. सुजलेल्या सांध्यांचा हात उगाच आवळू नये, आणि कातडीच्या लालीवरून हृदयातल्या वाहिन्यांचं काहीही कळत नाही. मला थोडी लाज वाटली. पण दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये ईएसआरच्या उभ्या नळ्यांपुढे मी नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिले. दाह असला की लाल पेशी एकमेकींना चिकटून भराभर खाली बसतात आणि वर पिवळं पाणी मोकळं होतं. ते मी हजारदा मोजलं होतं. तेच रक्त पुढे हृदयातूनही फिरतं, एवढी साधी गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा मनात आली.

आत्याला रक्त पातळ राहण्याची, कोलेस्टेरॉलची आणि वाहिनी सैल ठेवणारी अशा गोळ्या लागल्या. दुखण्याची गोळी बंद झाली, कारण ती रोज घेणं हृदयाला बरं नव्हतं. संधिवाताच्या डॉक्टरांनी आठवड्याची गोळी परत सुरू केली. त्यावर ती अडून बसली. हृदयासाठी हृदयाची गोळी दिली आहे, मग ही कशाला. मी तिला कॉरिडॉरमधलं सगळं जमेल तसं सांगितलं.

“म्हणजे बोटं जळत होती तेव्हा आतही जळत होतं,” ती म्हणाली. “आणि मला कुणी सांगितलं नाही.”

त्या वाक्याने मला लागलं. तिने मला दोष दिला नव्हता. पण रिपोर्ट तिच्या घरी पोचवणारी मीच होते. पुढच्या भेटीत मी हृदयाच्या डॉक्टरांना विचारलं, आधी गोळी घेतली असती तर हे टळलं असतं का. एका माणसाच्या बाबतीत असं सांगता येत नाही, त्या म्हणाल्या. तिचा रक्तदाबही वाढलेला होता, वयही झालं होतं, आणि दाह हा त्यातला एक वाटेकरी. मला सरळ उत्तर हवं होतं, ते मिळालं नाही. तरी ते उत्तर मला खरं वाटलं.

तीन-चार महिन्यांत सीआरपी खाली आला. जबडा आवळणं कमी झालं, पार गेलं नाही. टोपल्या आता सून उचलते. लॅबमध्ये मी कोणाला सल्ला देत नाही, तो माझा अधिकार नाही. पण संधिवाताचा कोणी बऱ्याच दिवसांनी आला तर गोळ्या चालू आहेत का, एवढं विचारते, आणि नसतील तर डॉक्टरांना दाखवा म्हणते.

दिवाळीनंतर आत्याने विरारला डोंगरावरच्या जीवदानी देवीच्या दर्शनाला जायचं काढलं. बसून वर जाण्याची सोय आहे, पण तिला थोड्या तरी पायऱ्या चढायच्या होत्या. डॉक्टरांनी हळू आणि थांबत थांबत चढायला परवानगी दिली. एका वळणावर ती आपण होऊन बसली. मी काळजीने जबड्याचं विचारलं, तर नाही म्हणाली, नुसता दम लागला आहे. मग तिने स्वतःचं मनगट माझ्यापुढे केलं आणि नाडी नेमकी कुठे लागते ते दाखव म्हणाली. मी तिची दोन बोटं धरून योग्य जागी ठेवली. खालून माणसं येत होती, आमच्या बाजूने वर जात होती. ती डोळे मिटून मोजत राहिली, आणि मी घड्याळाकडे पाहत मिनिट धरलं.