साळिंदराचं माप

आमची आत्या कोल्ह्यांना पायजमे शिवते, अशी बातमी गल्लीच्या एका टोकाला निघाली आणि दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पायजम्यांना नाड्याही लागल्या. साफ खोटं. कोल्ह्यासाठी आत्याने कधी सुईत दोरासुद्धा ओवलेला नाही. तिने त्यांची फक्त मापं घेतली.

बातमी सोडली शेजारच्या निवृत्त हेडबाईंनी. त्या कोटाच्या बाह्या आखूड करून घ्यायला आल्या होत्या. आत्या तोंडात टाचण्या धरून "म्हं, हात म्हर करा" म्हणत होती आणि बाईंची नजर टेबलावरच्या गिऱ्हाइकांच्या वहीत. त्यांच्या मापाच्या बरोबर खाली लिहिलेलं: 'कोल्हीण, छाती सतरा, उंची पंधरा, शेपूट वेगळी.' बाईंना आधी वाटलं, हा शेरा आपल्यावरच आहे. शेपूट वाचल्यावर जिवात जीव आला.

आत्या जुने कपडे उसवून नीट बसते करून देते. एकोणीस वर्षं हे काम तिने भावाच्या, म्हणजे आमच्या बाबांच्या, जेवणाच्या टेबलावर केलं. दिवसातून तीनदा मशीन उचला, कात्र्या उचला, टेबल पुसा, आणि तरी कुणाच्या ना कुणाच्या घासात दोरा निघायचाच. शेवटी तिने गावाच्या कडेला छोटं घर भाड्याने घेतलं. पुढे अंगण, मागे परसू, आणि एक अख्खी खोली मशीनसाठी. पहिल्या दिवशी जेवायची वेळ झाली आणि मशीन जागचं हललं नाही. आत्या ताट मांडीवर घेऊन त्याच्याकडे बघत जेवली.

पण करार एका महिन्याचा होता. पुढच्या करारावर जामीन म्हणून बाबांची सही लागणार होती, आणि मालकांची अट एकच: लाकडी कुंपण शाबूत राहिलं पाहिजे.

बाबा गाडी चालवायला शिकवतात. त्यामुळे शेजारी बसलेला प्रत्येक जण आत्ता अपघात करणार, अशी त्यांची खात्री असते. जेवतानासुद्धा, "हळू, हळू. पुढे वाटी आहे. डावीकडून घे." त्यांनी आत्याला बजावलं, "मला एक सांग, रानाला लागून घर कोण घेतं? महिन्याअखेरी येतो. कुंपणाला भोक दिसलं तर सही नाही. मशीन परत टेबलावर. काय वाईट होतं टेबल?"

तिसऱ्याच दिवशी कुंपणाला भोक पडलं. कोल्हिणीने फळी सरकवून वाट केली होती. आत्याने फळी ठोकली, तर रात्रीतून शेजारची गेली. ती ठोकली, तर साळिंदराने तिसरी कुरतडली. खिडकीतून एक खार यायची आणि कोटांच्या खांद्यातले पॅड न्यायची, तेही जोडीतला एकच. दहाव्या दिवशी आत्याने हातोडी खाली ठेवली.

"ही मंडळी आपल्या वाटेनेच जाणार," ती म्हणाली. "मग वाट तरी मापाची असू दे."

तिने मालकांना फोन लावला. ते म्हणाले, "भोक चालणार नाही. दाराला माझी काय हरकत?"

झालं. आत्याने भोकांच्या काठांना शिंप्याचा खडू जाड फासला. सकाळी जिथवर खडू पुसलेला, तिथवर अंग. तीन दिवस मापं घेतली, वहीत उतरवली, साळिंदराचं सर्वांत मोठं धरलं आणि कुंपणात एकच दार कापलं. काठांना कॅनव्हासची पट्टी शिवली, केस अडकायला नकोत म्हणून. बाकीची भोकं बुजवली. पुढे बारा दिवस एक फळी हलली नाही. "याला म्हणतात फिटिंग," आत्या ऐटीत म्हणायची.

महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी बाबा मला घेऊन आले. कुंपणाभोवती दोन फेऱ्या मारल्या, फळ्या हलवून पाहिल्या, दाराला मालकांची हरकत नाही हे दोनदा विचारून घेतलं आणि मागच्या पायरीवर बसले. तेवढ्यात दारातून साळिंदर आलं. निम्मं आलं.

"हे काय आहे?" बाबा दचकून उभे राहिले. साळिंदरही दचकलं. त्याचे काटे ताठ झाले आणि ते दारात घट्ट बसलं. "रिव्हर्स घे," बाबा म्हणाले. "अरे रिव्हर्स. सरळ मागे."

काटे आणखी फुलले. दोन्हीकडच्या फळ्या कर्र वाजल्या.

"चुकलं माझं," आत्या पुटपुटली. "माणसाला मी बसवून, वाकवून माप घेते. याचं शांत असतानाचं घेतलं, घाबरल्यावरचं घेतलंच नाही."

"मला एक सांग..."

"दादा, तू बोललास की ते फुगतंय. अजून एक शब्द, आणि कुंपण गेलं. गप्प बैस."

मी आत्याच्या कानात म्हणाले, "बाबा पाच मिनिटं गप्प? अशक्य. पैज."

आत्याने दारावरून नजर न काढता खोलीतल्या कोटांच्या ढिगाकडे बोट दाखवलं. हरले, तर त्यांची सगळी काजं मी करायची.

पहिल्या मिनिटाला बाबांचा उजवा पाय जमिनीवर ब्रेक दाबत होता. दुसऱ्याला त्यांनी तोंड उघडलं आणि जांभई दिल्यासारखं करून मिटलं. तिसऱ्याला मानेची शीर उडायला लागली. चौथ्याला साळिंदराच्या मागे कोल्हीण येऊन बसली, दवाखान्यात नंबर लावून बसतात तशी. बाबांच्या ओठांवर 'हॉर्न' हा शब्द येऊन गेला, मला स्पष्ट दिसला. मग त्यांनी आत्याकडे पाहिलं. तिने दोन्ही मुठी मांडीत आवळल्या होत्या आणि तिचा श्वास चालू आहे की नाही, कळत नव्हतं. बाबांनी रुमाल काढला आणि सरळ दातांत धरला.

सातव्या मिनिटाला काटे एकेक करून खाली बसले. साळिंदर सुळकन आत आलं आणि बाबांच्या बुटांना वळसा घालून गेलं. बाबांनी कोल्हिणीला हात दाखवला, पुढे या असा. तीही आली. एक फळी जागची हलली नव्हती.

"दार दोन इंचांनी सैल करते उद्या," आत्या म्हणाली.

बाबांनी तोंडातला रुमाल न काढता खिशातून पेन काढलं, करार गुडघ्यावर ठेवला आणि सही केली.

ढिगात बावीस काजं निघाली. माझी नऊ करून झाली आहेत. त्यातली चार आत्याने उसवली.